बॅरिस्टर काका बाप्टिस्टा : एका कॅथॉलिक लोकसेवकाचे चरित्र

धर्मग्रामाची ज्युबिली आली म्हणजे ज्यांनी मंदिराचा पाया घातला, ज्यांनी वाड्यावस्त्यांवर हिंडून प्रभूची सुवार्ता सांगितली आणि ज्यांनी मुलांस अक्षरओळख करून दिली, त्यांचे पुण्यस्मरण करणे हे आपले पहिले कर्तव्य होय. परंतु ख्रिस्तसभा ही केवळ धर्मगुरूंची व धर्मभगिनींची बनलेली नाही. प्रपंचात राहून, बाजारात, कचेरीत व न्यायमंदिरात उभे राहून ज्यांनी आपले ख्रिस्तीपण राखले, अशा प्रापंचिकांचाही तिच्या इतिहासात मोठा वाटा आहे. म्हणून ह्या पानांत आम्ही अशाच एका गृहस्थाचे चरित्र कन्हेरी व आसपासच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत. त्यांचे नाव बॅरिस्टर जोसेफ बाप्टिस्टा. मुंबईचे गिरणीकामगार, टपालवाले व पुण्याचे देशभक्त त्यांस प्रेमाने काका म्हणत, आणि त्याच नावाने ते महाराष्ट्राच्या इतिहासात राहिले आहेत.

ज्युबिली ह्या शब्दाचा मूळ अर्थ ध्यानात घेतला असता ह्या चरित्राचे औचित्य वाचकांस सहज पटेल. जुन्या करारातील लेवीय ग्रंथात सांगितलेले पन्नासावे वर्ष हे नुसते उत्सवाचे वर्ष नव्हते. त्या वर्षी गहाण पडलेली जमीन मूळ धन्याकडे परत जात असे व गुलामास मोकळीक मिळत असे. ज्याच्या हाती सत्ता व संपत्ती एकवटली आहे, त्याने देवापुढे व लोकांपुढे आपला हिशोब उलगडावा, असे ते वर्ष होते. काकांनी आयुष्यभर जे काम केले त्याचा गाभा हाच होता. राज्यकर्त्याने प्रजेस हिशोब दिला पाहिजे, व तो मागणाऱ्याची जीभ कापता कामा नये, ह्या दोन गोष्टींसाठी त्यांनी आपली विद्या व आपले वजन खर्ची घातले.

जोसेफ बाप्टिस्टा यांचा जन्म १७ मार्च १८६४ रोजी मुंबईत माझगाव येथील माथारपाखाडी ह्या वस्तीत झाला. त्यांचे वडील जॉन बाप्टिस्टा हे मूळचे भाईंदरजवळील उत्तन गावचे. मुंबई, साष्टी, वसई ह्या पट्ट्यातील हे जुने कॅथॉलिक लोक. पोर्तुगीज अमदानीत त्यांच्या पूर्वजांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. परंतु शेती, मासेमारी, मिठागरे हे व्यवसाय, लुगडी, लग्नातली गाणी व घरची बोली ही सर्व मराठमोळीच राहिली. १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाची ज्युबिली साजरी झाली, त्या वेळी ह्या समाजाने आपणांस ईस्ट इंडियन असे नाव घेतले. गोव्याहून येणाऱ्या ख्रिस्ती बांधवांपासून आपण निराळे, कंपनी सरकारच्या काळापासून इंग्रजांच्या नोकरीत असलेले, हे सरकारच्या नजरेस आणावे असा त्यात हेतू होता. समाजाचा एकंदर कल राजनिष्ठेकडे होता, व कचेऱ्यांतील नोकऱ्यांवर अनेक घरे चालत असल्यामुळे त्यात नवल नाही. अशा समाजातून पुढे राजद्रोहाच्या आरोपींचा वकील निघावा, ही गोष्ट त्या काळी साधी नव्हती.

त्यांचे प्राथमिक शिक्षण मुंबईच्या सेंट मेरी शाळेत झाले. पुढे ते पुण्यास इंजिनियरिंग कॉलेजात शिकले. त्यानंतर ते विलायतेस केंब्रिज येथे गेले, तेथे राज्यशास्त्राचा अभ्यास करून पदवी घेतली व बॅरिस्टर होऊन मायदेशी परतले. इंग्लंडातील वास्तव्यात एक गोष्ट त्यांच्यासारख्या विद्यार्थ्याच्या नजरेतून सुटणे शक्य नव्हते. तेथील प्रधानास पार्लमेंटात उभे राहून उत्तरे द्यावी लागत, वर्तमानपत्रे त्याच्यावर रोज कोरडे ओढीत, आणि तरीही राज्य कोसळत नसे. तेच इंग्रज हिंदुस्थानात आले म्हणजे त्यांच्या कारभारावर एका मराठी पत्राने दोन कडक शब्द लिहिताच राज्य धोक्यात आले, अशी हाकाटी होई. एकाच राजाची प्रजा असून एकास प्रश्न विचारण्याचा हक्क व दुसऱ्यास तुरुंग, ही विसंगती होती.

त्या राज्याची घडण कशी होती, हे तरुण वाचकांसाठी थोडक्यात सांगणे अवश्य आहे. १८७० साली हिंदुस्थानच्या दंडसंहितेत १२४ अ हे कलम घालण्यात आले. सरकारविषयी अप्रीती उत्पन्न करणारास जन्मठेप काळ्या पाण्यापर्यंत शिक्षा देण्याची त्यात तरतूद होती. १८७८ साली लॉर्ड लिटन यांनी देशी भाषांतील पत्रांसाठी निराळा कायदा केला. तो इंग्रजी पत्रांस लागू नव्हता. म्हणजे तीच गोष्ट इंग्रजीत लिहिली तर चालेल, पण मराठीत लिहिली तर छापखाना जप्त होईल, असा त्याचा अर्थ होता. तो कायदा १८८२ साली रद्द झाला खरा. परंतु १८९८ साली राजद्रोहाचे कलम अधिक व्यापक करण्यात आले, १९०८ साली छापखाने जप्त करण्याचा कायदा आला, आणि १९१० च्या कायद्याने छापखानेवाल्यांकडून व पत्रांच्या प्रकाशकांकडून जामिनादाखल रोख रक्कम मागण्याची व ती जप्त करण्याची सोय सरकारने करून घेतली. विधिमंडळे होती, पण त्यांत प्रजेने निवडलेले लोक थोडे व त्यांचे अधिकार त्याहून थोडे. कलेक्टर, कमिशनर, गव्हर्नर हे सर्व वरिष्ठांस जबाबदार होते. खाली, ज्यांच्या पैशावर कारभार चाले त्या रयतेस त्यांपैकी एकही जबाबदार नव्हता.

ह्याचा परिणाम काय होतो हे आपल्या बारामती व इंदापूर तालुक्यांनी जितके अनुभवले आहे तितके क्वचितच दुसऱ्या कोणी अनुभवले असेल. पेशवाई बुडाल्यावर प्रिंगल साहेबांनी केलेली जमिनीची मोजणी व आकारणी इतकी चुकीची ठरली की, कुणब्यांनी शेते टाकून दिली. तेव्हा गोल्डस्मिड व विंगेट ह्या अंमलदारांनी नवी पाहणी सुरू केली, ती प्रथम इंदापुरात. व १८३६ साली तेथे तीस वर्षांच्या मुदतीचा सारा ठरला. मुदत संपल्यावर फेरआकारणी होऊन सारा वाढला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे चढलेले कापसाचे भाव त्याच सुमारास उतरले होते, आणि सावकाराचे दस्तऐवज मात्र फुगतच होते. रयतेने अर्ज केले, पण अर्जास उत्तर देण्याचे बंधन कोणावरही नव्हते. अखेर १२ मे १८७५ रोजी आपल्याच तालुक्यातील सुपे गावच्या बाजारात शेतकऱ्यांचा जमाव उठला, सावकारांची दुकाने लुटली गेली व कर्जरोख्यांची होळी झाली. पाहता पाहता हे लोण पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. मग चौकशी कमिशन नेमले गेले व १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. म्हणजे जे कागदावर मागून मिळाले नाही ते कागद जाळल्यावर मिळाले. तोंड बंद केल्याने गाऱ्हाणे मरत नाही. ते आत धुमसत राहते व एके दिवशी भलत्याच वाटेने बाहेर पडते, हा सुप्याचा धडा आहे.

हा धडा ओळखून पुण्याची सार्वजनिक सभा गावोगाव हिंडून रयतेची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडीत असे. १८९६-९७ च्या दुष्काळात सभेच्या लोकांनी व केसरी पत्राने शेतकऱ्यांस एवढेच सांगितले की, दुष्काळासंबंधी सरकारने स्वतःच नियम केले आहेत. त्यांप्रमाणे साऱ्याची सूट मागणे हा तुमचा अधिकार आहे. सरकारचाच कायदा सरकारला दाखविणे हासुद्धा गुन्हा ठरला, आणि १८९७ साली सभेची मान्यता काढून घेण्यात आली. त्याच वर्षी केसरीचे संपादक बाळ गंगाधर टिळक यांस राजद्रोहाखाली दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. त्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव, असा अर्थ ज्यूरीस समजावून दिला. सरकारवर प्रेम नसणे हाच अपराध ठरला, तर निरपराधी कोण उरला?

विलायतेहून परतलेल्या बाप्टिस्टांनी मुंबईत वकिली सुरू केली, व ह्याच टिळकांशी त्यांचा स्नेह जडला. एक चित्पावन ब्राह्मण, गीतेचा अभ्यासक. दुसरा माझगावचा कॅथॉलिक ख्रिस्ती. धर्म भिन्न, रीतिभाती भिन्न, परंतु प्रजेस आपल्या कारभाराचे स्वामित्व मिळाले पाहिजे ह्याविषयी दोघांचे एकमत. स्वराज्य हा आपला जन्मसिद्ध हक्क असल्याचे सांगणारे टिळकांचे प्रसिद्ध वाक्य मूळ काकांनी सुचविले, असे पुष्कळ लोक मानतात. त्याचा निवाडा इतिहासकारांनी करावा. परंतु लोकांनी असे मानावे, ह्यातच त्या दोघांचा संबंध किती निकटचा होता ते दिसून येते.

१९०१ साली काका मुंबई महापालिकेत निवडून आले व सुमारे सतरा वर्षे तेथे सभासद राहिले. नळ, गटारे, दिवे, चाळींची स्वच्छता हे विषय वरवर किरकोळ वाटतात. परंतु पगारी अंमलदारास सभेपुढे उभे करून पैसा कोठे गेला, असे विचारण्याची जी थोडी ठिकाणे त्या काळी हिंदी माणसास खुली होती, त्यांत महापालिका मुख्य होती. मोठ्या स्वराज्याचे शिक्षण अशा लहान हिशोबांतूनच होते.

१९०८ साली कसोटीचा प्रसंग आला. त्या वर्षी ३० एप्रिल रोजी बिहारात मुजफ्फरपूर येथे बॉम्बने दोन निरपराध आंग्ल स्त्रियांचा बळी घेतला. सरकारने दडपशाही वाढविली. केसरीने बॉम्बचा निषेध केला, परंतु त्याबरोबरच असेही लिहिले की, दडपशाहीने हा रोग बरा होणार नाही. प्रजेस राज्यकारभारात वाटा देणे हाच त्यावरील उपाय होय. १२ मे व ९ जून ह्या तारखांच्या अंकांतील लेखांवरून टिळकांस २४ जून रोजी मुंबईत अटक झाली. जामिनासाठी बॅरिस्टर महंमद अली जीना यांनी अर्ज केला, तो न्यायमूर्ती दिनशा दावर यांनी फेटाळला. ह्याच दावरांनी १८९७ साली वकील ह्या नात्याने टिळकांस जामीन मिळवून दिला होता!

सरकारतर्फे खास ज्यूरीची मागणी झाली, तेव्हा तिला विरोध करण्यास बाप्टिस्टा उभे राहिले. त्यांचा मुद्दा साधा व न्यायाचा होता. लेख मराठीत, वाचक मराठी, आणि शब्दांची छटा समजल्याविना लेखकाचा हेतू कळणे अशक्य. मग ज्यांस मराठीचे अक्षर येत नाही अशा युरोपियनांच्या बहुमताची ज्यूरी त्याचा निवाडा कसा करणार? अर्ज नामंजूर झाला. नऊ जणांच्या ज्यूरीत सात युरोपियन व दोन पारशी गृहस्थ बसले. त्यांच्या हाती सरकारी भाषांतरकाराने केलेले इंग्रजी भाषांतर देण्यात आले. टिळकांनी स्वतःचा बचाव स्वतः केला, व त्यांचे भाषण सर्व दिवस मिळून एकवीस तासांहून अधिक चालले. त्यातील कितीतरी वेळ एकेका मराठी शब्दाचा खरा अर्थ काय, हे समजावून देण्यात गेला. बाप्टिस्टा व इतर कायदेपंडित त्यांच्या साहाय्यास होते. २२ जुलैच्या रात्री ज्यूरीने सात विरुद्ध दोन मतांनी दोषी ठरविले, आणि सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. टिळकांची रवानगी पुढे ब्रह्मदेशात मंडालेस झाली. मुंबईच्या गिरणीकामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले. शिक्षेच्या प्रत्येक वर्षास एक दिवस, असा त्याचा अर्थ लोक सांगत आले आहेत.

येथे एक शंका धार्मिक वाचकाच्या मनात येईल, व ती त्या काळीही अनेक ख्रिस्ती घरांत आली असणार. संत पौल आपणांस अधिकाऱ्यांच्या अधीन राहावयास सांगतो. कैसराचे ते कैसरास द्यावे, अशी तर खुद्द प्रभूची शिकवण. मग एका कॅथॉलिकाने राजद्रोहाच्या आरोपीची बाजू घेणे योग्य काय? ह्या शंकेस ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीतच उत्तर आहे. सत्ता देवाकडून येते, म्हणूनच ती निरंकुश असू शकत नाही. जी वस्तू विश्वासाने सोपविली गेली तिचा हिशोब द्यावाच लागतो. दावीद राजाने उरीयाचा घात केला तेव्हा संदेष्टा नाथान राजवाड्यात जाऊन त्याच्या तोंडावर बोलला, आणि दावीदाने त्यास तुरुंगात न टाकता पश्चात्ताप केला. त्यातच दावीदाचे मोठेपण आहे. उलटपक्षी हेरोदाने संत योहान बाप्तिस्त्याचे तोंड त्याचे शिर कापून बंद केले. पण त्याने हेरोदाचे पाप झाकले गेले नाही, आजही ते जगभर वाचले जाते. काकांचे आडनाव त्याच संताचे होते, हा एक योगायोग. काकांनी हिंसेची वकिली केली नाही. आरोपीस आपली बाजू आपल्या भाषेत, जाणत्या पंचांपुढे मांडता यावी, एवढीच त्यांची मागणी होती. आज्ञापालन व मौन ह्या दोन गोष्टी एक नव्हेत.

दोन वर्षांनी त्यांच्याकडे त्याहून अवघड काम आले. विनायक दामोदर सावरकर यांस इंग्लंडात पकडून बोटीने आणीत असता ८ जुलै १९१० रोजी फ्रान्समधील मार्सेय बंदरात त्यांनी समुद्रात उडी घेतली. फ्रेंच भूमीवर ते पुन्हा पकडले गेले. त्यांचा खटला तीन न्यायाधीशांच्या खास न्यायमंडळापुढे चालला. तेथे ज्यूरी नव्हती, व निकालावर अपीलही नव्हते. त्या दिवसांत अशा आरोपीचे वकीलपत्र घेणे म्हणजे सरकारच्या काळ्या यादीत आपले नाव लिहविणे होय. बाप्टिस्टा आपल्या सहकाऱ्यांसह बचावास उभे राहिले व फ्रेंच भूमीवरील अटकेच्या कायदेशीरपणाचा प्रश्न त्यांनी पुढे आणला. निकाल विरुद्ध गेला. दोन खटल्यांत मिळून सावरकरांस दोन जन्मठेपींची शिक्षा झाली. सावरकरांचे मार्ग व मते ज्यांस मान्य नाहीत अशांनीही येथे एक गोष्ट ओळखावी. वकिलाविना खटला म्हणजे नुसता सरकारी हुकूम. एक निर्भय वकील उभा राहिला म्हणजे निदान सरकारला आपली बाजू उघड्यावर सिद्ध करावी लागते.

१९१४ साली टिळक मंडालेहून सुटले. १९१६ च्या एप्रिल महिन्यात बेळगाव येथे होमरूल लीगची, म्हणजे स्वराज्य संघाची, स्थापना झाली. तिचे अध्यक्षस्थान बाप्टिस्टा यांस देण्यात आले, व चिटणीस नरसिंह चिंतामण केळकर झाले. महाराष्ट्रातील हिंदूबहुल चळवळीने आपला पहिला अध्यक्ष म्हणून एक ख्रिस्ती माणूस पसंत करावा, ह्यात त्या चळवळीचेही मोठेपण आहे व त्या माणसाचेही. लीगची मागणी राजाला हाकलण्याची नव्हती. कारभार करणारे अंमलदार लोकांनी निवडलेल्या सभेस जबाबदार असावेत, एवढीच होती.

त्याच उन्हाळ्यात टिळकांनी बेळगाव व अहमदनगर येथे मराठीत जी भाषणे केली, त्यांवरून सरकारने पुन्हा कारवाई केली. २३ जुलै १९१६ रोजी, टिळकांच्या साठाव्या वाढदिवसाच्या दिवशीच, त्यांस नोटीस देण्यात आली. व पुण्याच्या मॅजिस्ट्रेटने एक वर्ष चांगल्या वर्तणुकीबद्दल वीस हजार रुपयांचा जातमुचलका व दहा दहा हजारांचे दोन जामीन मागितले. प्रकरण मुंबई हायकोर्टात गेले. जीना यांनी बाजू मांडली; त्यांच्या जोडीस बाप्टिस्टा होते. ९ नोव्हेंबर १९१६ रोजी न्यायमूर्ती बॅचलर व न्यायमूर्ती शहा यांनी मॅजिस्ट्रेटचा हुकूम रद्द केला. भाषण तुकड्यातुकड्यांनी नव्हे तर समग्र वाचले पाहिजे, आणि कायदेशीर मार्गाने कारभारात बदल मागणे हा राजद्रोह नव्हे, असा त्या निकालाचा रोख होता. आठ वर्षांपूर्वी जो मुद्दा ऐकला गेला नाही, तो ह्या खेपेस न्यायमंदिरात मान्य झाला. एक हिंदू आरोपी, एक मुसलमान वकील व एक ख्रिस्ती वकील यांनी मिळून मिळविलेला हा जय आजच्या पिढीने विसरू नये. पुढे १९१७ साली काका विलायतेस गेले व तेथील मजूर पक्षाच्या लोकांस हिंदुस्थानची बाजू त्यांनी समजावून दिली.

काकांचे दुसरे मोठे कार्य कामगारांमधील. त्या काळी संघ काढणे हीच जोखीम होती. मद्रासेस १९२० साली गिरणीमालकांनी कामगार पुढाऱ्यांविरुद्ध कोर्टाचा मनाई हुकूम मिळविला होता. कामगार संघांस कायद्याचे संरक्षण मिळाले ते १९२६ च्या कायद्याने. मुंबईचे टपालवाले व गिरणीकामगार काकांकडे आपली गाऱ्हाणी घेऊन येत. ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले. लाला लजपतराय अध्यक्ष, व काका तिच्या संस्थापकांतील एक प्रमुख. पुढल्या वर्षी झरिया येथील कोळशाच्या मुलखात भरलेल्या दुसऱ्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली रेरूम नोवारूम ह्या परिपत्रकात मजुरांस संघ स्थापन करण्याचा नैसर्गिक अधिकार आहे, असे प्रतिपादिले होते. जे रोममध्ये लिहिले गेले ते परळच्या चाळींत व झरियाच्या खाणींत आचरणारा एक कॅथॉलिक आपल्या मराठी मुलखात निपजला, ह्याचा आपणांस अभिमान वाटला पाहिजे.

१ ऑगस्ट १९२० रोजी टिळक निवर्तले व देशाचे नेतृत्व महात्मा गांधींकडे गेले. असहकाराचा मार्ग काकांस पटला नाही. विधिमंडळात शिरून, तेथे प्रश्न विचारून, कारभाऱ्यांस कोंडीत धरावे, ह्या मताचे ते राहिले. त्यामुळे लोकप्रियतेचा ओघ त्यांच्यापासून दूर गेला. परंतु सरकारपुढे जो मान तुकवीत नव्हता तो गर्दीपुढेही तुकविणार नव्हता. मतस्वातंत्र्याचा कैवारी केवळ राज्यकर्त्यांशीच नव्हे, तर प्रसंगी स्वकीयांशीही मतभेद दाखवितो. १९२५-२६ साली मुंबई महापालिकेने त्यांस आपले अध्यक्ष निवडले; त्याच पदास पुढे महापौर असे नाव मिळाले. १८ सप्टेंबर १९३० रोजी, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. शिवडीच्या दफनभूमीत त्यांस चिरविश्रांती मिळाली. माझगावच्या टेकडीवरील उद्यानास आज त्यांचे नाव आहे.

बाप्टिस्टांच्या हयातीत स्वराज्य आले नाही. त्यांनी लढविलेल्या मोठ्या खटल्यांपैकी बहुतेक ते हरले. मग त्यांच्या श्रमाचे फळ काय? त्याचे उत्तर पुढील इतिहासात आहे. ज्या १२४ अ कलमाने टिळकांस मंडालेस धाडले व १९२२ साली गांधींस सहा वर्षांची शिक्षा दिली, ते कलम स्वातंत्र्यानंतरही राहिले. मात्र १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने केदारनाथ सिंग यांच्या खटल्यात असा निर्णय दिला की, हिंसेस अथवा सार्वजनिक अशांततेस चिथावणी नसेल तर सरकारवरील टीका, ती कितीही कडक असो, राजद्रोह होत नाही. टिळकांचे स्नेही १९१६ साली हायकोर्टात जे मांडीत होते त्याच्याच दिशेने हे पाऊल होते. २०२२ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या कलमाचा वापर स्थगित ठेवण्यास सांगितले, व १ जुलै २०२४ पासून जुनी दंडसंहिताच जाऊन भारतीय न्याय संहिता अमलात आली. तीत राजद्रोह हा शब्द नाही. परंतु तिच्या १५२ व्या कलमात जुन्याचीच छाया आहे, असे काही कायदेपंडित म्हणतात, व सरकारपक्ष ते नाकारतो. म्हणजे काकांचा प्रश्न अजून पुरता मिटलेला नाही. प्रत्येक पिढीस तो नव्याने सोडवावा लागतो.

हिशोब मागण्याच्या बाबतीत मात्र आपण काकांच्या काळापेक्षा पुष्कळ सुदैवी आहोत. महाराष्ट्राने २००२ साली माहितीच्या अधिकाराचा कायदा केला, व २००५ साली तो सर्व देशासाठी झाला. दहा रुपयांच्या अर्जावर कोणीही नागरिक सरकारी कचेरीस कागद दाखवावयास सांगू शकतो, आणि साधारणपणे तीस दिवसांत उत्तर देणे तिच्यावर बंधनकारक आहे. सुप्याच्या कुणब्यास १८७५ साली असा अर्ज करता आला असता, तर कदाचित रोख्यांची होळी करण्याची पाळी त्यावर आली नसती. ग्रामसभाही आहे. परंतु कायदा पुस्तकात असणे निराळे व तो वापरणारा माणूस गावात असणे निराळे. कालव्याच्या पाण्याची पाळी कोणाची चुकली, रस्त्याचा पैसा कोठे गेला, शाळेचे छप्पर का गळते, हे ग्रामसभेत उभे राहून विचारण्यास आजही छाती लागते. आपण थोडे, आपण अल्पसंख्य, आपण गप्प बसलेले बरे, असा विचार ख्रिस्ती घरांत पुष्कळदा ऐकू येतो. काकांचा समाजही थोडाच होता. थोडे असणे हे गप्प बसण्याचे कारण त्यांनी मानले नाही.

मात्र प्रश्न विचारताना तीन गोष्टी त्यांच्याकडून घ्याव्यात. पहिली ही की, बोलण्यापूर्वी त्यांनी अभ्यास केला. कायदा, आकडे व भाषा यांवर प्रभुत्व मिळविले. दुसरी ही की, त्यांनी ज्यांची बाजू घेतली ते त्यांच्या जातीचे वा धर्माचे नव्हते; अन्याय कोणावर झाला हे न पाहता अन्याय झाला काय, एवढेच त्यांनी पाहिले. आणि तिसरी ही की, निकाल विरुद्ध गेला म्हणून ते कडवट झाले नाहीत किंवा घरी बसले नाहीत. आणि एक गोष्ट आम्ही धर्मगुरूंनीही ध्यानात ठेवावी. राज्यकर्त्याकडून हिशोब मागणाऱ्या मंडळीने आपल्या मंदिराच्या दानपेटीचा, शाळेचा व सण-उत्सवांच्या वर्गणीचा हिशोबही सर्वांपुढे उघडा ठेवावा. नाही तर आपल्या तोंडी तो शब्द शोभणार नाही.

ज्युबिलीच्या ह्या शुभवर्षी आपल्या मृत बांधवांसाठी आपण पवित्र मिस्सा अर्पण करू, तेव्हा माझगावच्या ह्या निर्भय प्रापंचिकाचेही स्मरण करावे, त्याच्या आत्म्यास परमेश्वराने चिरशांती द्यावी, व सत्य सौम्य शब्दांत पण न भिता बोलण्याचे सामर्थ्य आपल्या मुलांबाळांस द्यावे, अशी प्रार्थना करून हे अल्प चरित्र वाचकांच्या हाती देतो. इत्यलम्.